एका सेटिंग फाइलच्या दोन भाषा : व्हिम आणि निओव्हिमची पार्श्वभूमी

मुंबईतल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये लिनक्सवर निओव्हिम हा कोड लिहायचा टेक्स्ट एडिटर मनासारखा लावून घेणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते. नेटवरून घेतलेली सेटिंगची फाइल लॅपटॉपवर नीट चालते आणि लॅबच्या मशिनवर सुरुवातीलाच एरर देते. मशिनमध्ये खोट नसते. तिथे बहुधा उबुंटू २२.०४ असते आणि त्याच्या सॉफ्टवेअर भांडारातून निओव्हिमची ०.६.१ ही जुनी आवृत्ती मिळते. नवीन शॉर्टकट नेमणारे 'व्हिम.कीमॅप.सेट' हे फंक्शन मात्र ०.७ मध्ये आले. म्हणून एडिटर 'कीमॅप' म्हणजे 'निल', म्हणजे असे काही नाहीच, असे सांगून तिथेच थांबतो.

या एडिटरांचा पूर्वज, मूळ व्हीआय, १९७६ चा. एच, जे, के, एल या कळांनी कर्सर हलवण्याची रीत त्या काळच्या टर्मिनलवरून आली, कारण त्यावर बाण याच कळांवर छापलेले होते. त्याच वळणाचा व्हिम १९९१ मध्ये अमिगा या संगणकावर लोकांसमोर आला. १९९८ च्या ५.० आवृत्तीत त्याला स्वतःची स्क्रिप्ट भाषा मिळाली, आणि चार ओळींची सेटिंग फाइल हळूहळू अख्खा प्रोग्राम होऊन बसली.

खरा वाद २०१४ चा. तोपर्यंत व्हिम एका वेळी एकच काम करी. सेव्ह करताना प्लगिनने, म्हणजे एडिटरला जोडलेल्या पूरक प्रोग्रामने, कोड तपासायला बाहेरचा प्रोग्राम बोलावला, की तो संपेपर्यंत कर्सर जागचा हलत नसे. यावर उपाय म्हणून एका प्रोग्रामरने व्हिमच्या कोडमधला बदल (पॅच) पाठवला, पण तो घेतला गेला नाही. अमिगापासून जुन्या युनिक्सपर्यंत सगळे सांभाळणाऱ्या मुख्य देखभालकर्त्याची सावधगिरी समजण्यासारखी होती. पण वापरणारे खोळंबून होते, आणि त्यातून व्हिमच्याच कोडवरून निओव्हिम वेगळा निघाला. जुन्या मशिन्सचा आधार त्याने सरळ काढून टाकला. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये व्हिम ८.० ने पार्श्वभूमीत काम चालवायची सोय दिली. समोर निओव्हिम नसता तर ती तेव्हा आली असती, असे मला वाटत नाही.

मग भाषेचा प्रश्न आला. जुलै २०२१ च्या निओव्हिम ०.५ मध्ये संपूर्ण सेटिंग लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिण्याची पक्की सोय झाली, आणि लँग्वेज सर्व्हरशी, म्हणजे कोडमधल्या चुका आणि सूचना दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामशी, बोलणारा क्लायंटही आतच आला. जून २०२२ मध्ये व्हिम ९.० ने स्वतःची नवी स्क्रिप्ट आणली. जुन्या स्क्रिप्टपेक्षा ती १० ते १०० पट वेगाने चालेल, असे तेव्हा सांगितले गेले. वेग वाढला हे खरेच. तरी इथे व्हिमचा निर्णय चुकला, असे माझे स्पष्ट मत आहे. लुआ १९९३ पासून आहे, ती गेमपासून वेब सर्व्हरपर्यंत चालते. शिकणाऱ्या मुलाचे ते कष्ट दुसरीकडेही कामी येतात. नवी व्हिम स्क्रिप्ट मात्र एका एडिटरपुरतीच. प्लगिन लिहिणाऱ्यांचीही यातून विभागणी झाली. व्हिमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मानायलाच हवी : वीस वर्षांपूर्वीची व्हिमआरसी, म्हणजे व्हिमची सेटिंग फाइल, आजही बहुतेक तशीच चालते. निओव्हिम अजून १.० ला पोचलेला नाही. ०.११ मध्ये लँग्वेज सर्व्हर लावायची पद्धत पुन्हा नव्याने आली आणि आदल्या वर्षीचे कितीतरी धडे जुने झाले.

त्यामुळे फाइल उतरवण्याआधी 'एनव्हिम --व्हर्जन' या कमांडने आवृत्ती पाहणे आलेच. लॅबमध्ये ॲडमिनचा पासवर्ड मिळत नाही, पण त्यावाचून अडत नाही. निओव्हिमची तयार टार फाइल आपल्या होम डिरेक्टरीत उघडून तिचा 'बिन' फोल्डर पाथमध्ये, म्हणजे सिस्टिम प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, घातला की काम होते.

मराठी लिहिणाऱ्यांची अडचण निराळी. सिस्टिमचा कीबोर्ड इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीवर असला की नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा कमांड म्हणून चालतात तेव्हा, 'डीडी' दाबून ओळ पुसली जात नाही, कारण एडिटरला देवनागरी अक्षरे पोचतात. यावर दोन्ही एडिटरांत 'कीमॅप' हा पर्याय आहे (वरच्या फंक्शनहून वेगळा). त्यात दिलेली अक्षरजुळणी मजकूर टाइप करायच्या इन्सर्ट मोडमध्ये लागू होते, नॉर्मल मोडमधल्या कमांड इंग्रजी कळांवरच राहतात, आणि इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोलसह सहाच्या कळीने भाषा बदलता येते. अक्षरे नीट जुळून दिसणे मात्र टर्मिनलवर अवलंबून असते. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर जोडाक्षरे दिसत नाहीत, त्यासाठी ग्राफिकल टर्मिनलच लागते.