फ्रीस्टाइल स्नोबोर्डपटूची ऑलिंपिक पात्रता: नोंदणी, कागदपत्रे आणि कोटा

फ्रीस्टाइल स्नोबोर्डचे तीन प्रकार ऑलिंपिकमध्ये खेळले जातात: १९९८ साली नागानोत आलेला हाफपाइप (बर्फाच्या अर्धनळीसारख्या मार्गावरच्या करामती), २०१४ साली सोचीत आलेला स्लोपस्टाइल (अडथळे आणि उड्यांच्या उतारावरच्या करामती) आणि २०१८ साली प्योंगचांगमध्ये आलेला बिग एअर (एकाच मोठ्या उडीतली करामत). यांपैकी कशातही उतरायचे असले, तरी खेळाडूला स्वतः थेट अर्ज करता येत नाही, हे पालकांनी आधी ध्यानात घ्यावे. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघ, म्हणजे ‘फिस’, नोंदणीसाठी फक्त आपल्या सदस्य राष्ट्रीय संघटनांशी व्यवहार करतो. त्यामुळे पहिला अर्ज नेहमी राष्ट्रीय संघटनेकडेच जातो.

फिसचे परवाना-वर्ष १ जुलै ते ३० जून असे चालते. नोंदणीसाठी ज्या देशाकडून खेळायचे त्या देशाचा पासपोर्ट, खेळाडूचे सहीनिशी प्रतिज्ञापत्र (अज्ञान खेळाडूच्या बाबतीत पालकांच्या सहीसह) आणि सराव व स्पर्धेतील अपघातांना लागू होणारा विमा आवश्यक असतो. नाव पासपोर्टवर आहे तसेच द्यावे. आपल्याकडे वडिलांचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, म्हणून ही तपासणी अर्जापूर्वीच उरकलेली बरी. परदेशात वाढलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी एक अडचण मात्र मोठी आहे: केंद्र सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार भारताकडून खेळण्यासाठी भारतीय नागरिकत्व लागते आणि परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड त्यासाठी पुरत नाही.

जन्मतारखेची अट तर कौशल्यालाही जुमानत नाही. अमेरिकेची क्लोई किम २०१४ साली केवळ १३ वर्षांची असल्याने सोचीला जाऊ शकली नाही. चार वर्षांनी, १७ व्या वर्षी, तिने हाफपाइपचे सुवर्णपदक घेतले.

यापुढचा भाग गुणांचा आहे आणि गैरसमजही बहुतेक इथेच होतात. अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे उतारावरच्या वेगाच्या शर्यतींत, फिसचे गुण (स्पर्धांतील कामगिरीवरून मिळणारे) जितके कमी तितके चांगले, तर स्नोबोर्डमध्ये नेमके उलट. बीजिंग २०२२ साठी खेळाडूकडे संबंधित प्रकारात किमान ५० फिस गुण असणे आणि पात्रता-काळात त्याने विश्वचषक मालिकेतील किंवा जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पहिल्या ३० मध्ये येणे आवश्यक होते. हाफपाइपसाठी पुरुष व महिला गटांत प्रत्येकी २५, तर स्लोपस्टाइल आणि बिग एअर मिळून प्रत्येकी ३० जागा होत्या आणि एका देशाला एका स्पर्धेत एका गटात चारांहून अधिक खेळाडू उतरवता येत नव्हते. जागा क्रमवारीनुसार वाटल्या जात असल्या, तरी त्या खेळाडूच्या नव्हे, देशाच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नावे जमा होतात. म्हणून अमेरिकेसारख्या देशातला पाचवा हाफपाइपपटू जगात कितीही वरचा असला, तरी घरीच राहू शकतो.

याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. २०१८ साली हंगेरीकडून उतरलेल्या एलिझाबेथ स्वेनी यांनी फ्रीस्टाइल स्कीच्या हाफपाइपमध्ये जवळजवळ एकही करामत न करता ३१.४० गुण मिळवले आणि त्या शेवटच्या, म्हणजे २४ व्या, आल्या. ज्या विश्वचषक स्पर्धांना ३० खेळाडूही येत नाहीत, तिथे न पडता खाली पोहोचले की पहिल्या तिसांत नाव लागते, आणि त्यांनी हेच चिकाटीने केले होते. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. नियम मात्र त्यांनी एकही मोडला नव्हता.

देश बदलायचा असल्यास ऑलिंपिक सनदेनुसार आधीच्या देशाकडून शेवटचे खेळल्यापासून तीन वर्षे थांबावे लागते; संबंधित ऑलिंपिक समित्या आणि महासंघ यांची संमती असेल, तर हा काळ कमी किंवा माफ होऊ शकतो.

वरच्या फळीतल्या खेळाडूचे नाव उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत गेले, की रोज पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला एक तास आणि त्या वेळचा ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो. स्वित्झर्लंडमधला सराव आटोपून कोलोरॅडोला निघालेल्या खेळाडूने ही माहिती बदलली नाही आणि तपासनीस रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहिला, तर ती एक चूक धरली जाते. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या, तर शरीरात काहीही न सापडता बंदी येऊ शकते. दम्याच्या किंवा अन्य औषधात निषिद्ध घटक असल्यास वैद्यकीय सवलतीचा अर्ज डॉक्टरांच्या अहवालांसह वेगळा करावा लागतो.