रुईच्या फुलातला चिमटा

पावसाळा सरता सरता रानफुले पाहण्यासाठी साताऱ्याजवळच्या कास पठारावर वाहनांची रीघ लागते. पठार सुंदर आहे यात शंका नाही. परंतु तेथे जाताना रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर आणि पडीक माळावर जवळजवळ वर्षभर फुलणाऱ्या रुईकडे कोणी वळूनही पाहत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. शनिवारी मारुतीला वाहण्यापुरती तिची पाने तोडली जातात आणि पांढऱ्या फुलांची रुई दिसली, तर मुळात आपोआप तयार झालेला गणपती सापडेल या आशेने ती समूळ उपटली जाते. वास्तविक पांढरी रुई हा जांभळट रुईचाच रंगभेद आहे आणि मुळाला आलेल्या गाठी म्हणजे गाठीच. उलट, तोडताना निघणारा चीक डोळ्यात गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते, हे मात्र लक्षात ठेवावे.

खरे नवल फुलात आहे. जास्वंदीला हात लावला की बोटाला पिवळी पूड लागते, तशी रुईच्या फुलाला कधीच लागत नाही. पाच पाकळ्यांच्या मधोमध एक खांब उभा असतो आणि त्याच्या माथ्यावर सपाट पंचकोन दिसतो. हीच कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग, असावी असे वाटते, पण त्या सपाट माथ्यावर पराग रुजत नाहीत. पराग ग्रहण करणारा भाग खांबाच्या बाजूंना असलेल्या पाच अरुंद फटींच्या आत दडलेला असतो. प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला एक सूक्ष्म, गडद रंगाचा चिमटा असतो आणि त्याच्या दोन दांड्यांना मेणचट परागांचा एकेक चपटा पिंड जोडलेला असतो. हे दोन पिंड एकाच परागकोशाचे नसतात. एक डावीकडच्या कोशातला आणि दुसरा उजवीकडच्या शेजाऱ्याचा असतो.

मधासाठी आलेल्या, लाकूड पोखरून घर करणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्याचा पाय या फटीत शिरतो. पाय वर ओढला जाताना चिमट्याच्या खाचेत अडकतो आणि भुंगा उडतो तेव्हा चिमट्यासह दोन्ही पिंड उपटून निघतात. पुढच्या फुलावर तोच पाय पुन्हा फटीत गेला, तर एखादा पिंड आत अडकतो, दांडी मोडते आणि पिंडातल्या परागांच्या नलिका तेथूनच अंडाशयाकडे वाढू लागतात. हे सारे ताकदीचे काम असल्याने रुईच्या गटातील काही फुलांत लहान कीटक पाय अडकून मरतातही.

आमरांतही, म्हणजे ऑर्किडमध्येही, परागांचे असेच पिंड असतात. या दोन्ही गटांच्या फलनाविषयी रॉबर्ट ब्राऊन यांनी १८३१ मध्ये सादर केलेल्या निबंधातच पेशीकेंद्रकाला त्याचे ‘न्यूक्लियस’ हे आजचे इंग्रजी नाव मिळाले. द्रवातील सूक्ष्म कणांची अखंड थरथर, म्हणजे ‘ब्राऊनीय गती’, ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते हेच वनस्पतिशास्त्रज्ञ.

इतक्या काटेकोर व्यवस्थेमुळे रुईच्या झुडपावर फुलांचे घोस असूनही फळे मोजकीच धरतात, कारण बहुतेक फुलांच्या फटीत पिंड नीट बसतच नाही. बसला, तर मात्र एकाच पिंडातले पराग फळातल्या साऱ्या बीजांडांना पुरू शकतात. म्हणून फळ तडकल्यावर रेशमी झुबक्यांवर तरंगत निघणाऱ्या त्या शेकडो ‘म्हाताऱ्या’ बहुधा एकाच आईबापांची सख्खी भावंडे असतात.