मिलिटरीचं कांबळं: जेवढं जड तेवढं ऊबदार?

डिसेंबरात दापोलीकडे तंबू घेऊन निघालं की कुणीतरी सांगतंच, "मिलिटरीचं जुनं कांबळं घे. जेवढं जड, तेवढं ऊबदार." गावाचं नावच कॅम्प दापोली, म्हणजे लष्करी छावणीची दापोली, त्यामुळे पटतंही पटकन.

पण ऊब वजनात नसते, धाग्यांत अडकलेल्या हवेत असते. दबून पापड झालेल्या कांबळ्यापेक्षा निम्म्या वजनाची फुगीर रजई जास्त ऊब देते. शिवाय अंगाखाली कांबळं आपल्याच भाराने दबतं आणि गारवा जमिनीतून चढतो. खाली फोमची चटई हवी, नाहीतर भाताचा कोरडा पेंढा. आम्ही पेंढ्यावर झोपलो. टोचला, पण पाठ गार पडली नाही.

मग कांबळं टाकाऊच का? छे! पहाटे दापोलीजवळच्या कर्द्याच्या किनाऱ्यावर तंबूचं छत दंवाने ठिबकतं, तिथे लोकर कामी येते. वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पिऊनही ती ओली वाटत नाही. ओल्या पिसांची स्लीपिंग बॅग मात्र चिपाड होते.

फक्त लोकर खरी हवी. एक धागा काढून जाळा: केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिकचा धागा.