कलिंगडाचं रोप आणि हॉलमधला उजेड

गेल्या जानेवारीत ठाण्यात, घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, शुगर बेबी जातीच्या कलिंगडाच्या १२ बिया कागदी कपांत पेरल्या आणि कप हॉलमध्ये टीव्हीशेजारी मांडले. सहाव्या दिवसापर्यंत सगळ्या उगवल्या. दहाव्या दिवशी बाराही रोपं बोटभर लांब, पांढुरकी, दोऱ्यासारखी होऊन कपांच्या काठावर माना टाकून पडली होती. आई म्हणाली, "अरे, पण इथे उजेड तर भरपूर असतो!"

घोळ इथेच आहे. उजेडाच्या बाबतीत आपला डोळा म्हणजे पक्का खोटारडा साक्षीदार. भर दुपारच्या उन्हात साधारण १ लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत आलं की काहीशे लक्स उरतात. डोळ्यातली बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आणि आपल्याला दोन्हीकडे लख्ख दिसतं. रोपाकडे ही सोय नाही. त्याच्यात फायटोक्रोमसारखी प्रकाश ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांना पुरेसा उजेड लागला नाही, की रोप स्वतःला अजून मातीखाली किंवा कुणाच्या तरी सावलीत समजतं. मग जाडी, पानं, मुळं सगळं मागे ठेवून बीमधली शिदोरी ते नुसतं खोड लांबवण्यात उडवतं.

बी रुजताना मात्र उजेड नको, ऊब हवी. कलिंगड मूळचं आफ्रिकेचं. त्याचा सर्वांत जवळचा रानटी नातेवाईक सुदानच्या कोर्दोफान भागात सापडतो. त्यामुळे मातीत २५ ते ३५ अंश सेल्सिअस मिळाले तर बी चार-सहा दिवसांत वर येतं, आणि १५ च्या आसपास जवळजवळ ठप्प होतं. जानेवारीतल्या पहाटे कप बंद खोलीत, वर झाकण घालून ठेवायचे ते म्हणूनच. पहिला हिरवा वाकडा देठ दिसला की झाकण काढून कप त्याच दिवशी उजेडात. ऊब आणि अंधार एकत्र राहिले, की माझ्या रोपांसारखे दोरे तयार होतात.

उजेडात म्हणजे कुठल्या खिडकीत? हिवाळ्यात दक्षिणेच्या. डिसेंबरच्या शेवटी ठाण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेकडून ऊन घरात शिरतं. उत्तरेचीच खिडकी असेल तर साधी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर टांगून दिवसाला चौदा तास लावावी.

उगवताना एक गंमत भिंग घेऊन बघण्यासारखी असते. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथे एक इवलीशी खुंटी फुटते. ती टरफलाचा खालचा ओठ दाबून धरते, वरून वाकडं खोड सरळ व्हायला बघतं, आणि अंगरख्यातून हात काढावेत तशी दोन्ही बीजपत्रं, म्हणजे बीमधली पहिली दोन पानं, बाहेर ओढली जातात. कलिंगडाच्याच कुळातल्या भोपळ्याच्या रोपातली ही खुंटी चार्ल्स डार्विननं १८८० साली बारकाईनं नोंदवली होती. ती गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबानं खालच्या बाजूला येते, म्हणून बी आडवं पेरावं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल. फार वर पेरलं तर रोप टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच उगवतं. ओला कापूस तासभर ठेवून टोपी मऊ करावी आणि हलकेच काढावी. कोरडी ओढली तर बीजपत्र फाटतं.

पाण्याचं थोडक्यात. मातीलगत देठ करपून दोऱ्यासारखा झाला आणि रोप आडवं पडलं, तर ते बहुतेक पिथियम नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूचं काम. त्याचे बीजाणू ओल्या मातीत अक्षरशः पोहतात. पडलेलं रोप वाचत नाही. कप ताटलीत ठेवून खालून पाणी द्यावं आणि वरचा थर मधूनमधून कोरडा पडू द्यावा.

दोन-तीन आठवड्यांत दोन खरी पानं आली, की लावणी. कलिंगडाच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे मी आता वर्तमानपत्राचे कप वळतो आणि रोप कपासकट मातीत ठेवतो. त्याआधी आठवडाभर बाहेरची सवय लावायची, पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन आणि मग रोज थोडं वाढवत. घरात वाढलेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो, एकदम उन्हात ठेवलं तर ती भाजून पांढरी पडतात. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दुसरा ताप कबुतरांचा. त्यांच्यासाठी मी भाजीवाल्याकडून मागून आणलेला प्लॅस्टिकचा जाळीदार क्रेट कपांवर उलटा घातला, तर पहिले दोन दिवस त्याच जाळीतून ऊनही हवं तेवढंच चाळून आलं.