करंगळी दाखवणारं सरकार

आपल्याकडे वर्गात कुणी करंगळी वर केली, की बाईंना कळतं याला 'एक नंबर'ला जायचंय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २००७ साली रस्ता सुरक्षेच्या जाहिरातीत हीच करंगळी वापरली, पण अर्थ भलताच. एक पोरगा सुसाट गाडी हाणतो, टायर किंचाळतात. रस्त्यावरची बाई त्याच्याकडे बघते आणि काही न बोलता करंगळी हलवते. भावार्थ असा, की एवढा रुबाब करतोयस म्हणजे तुझं 'ते' एवढुसंच असणार.

आता सरकारने पोरांच्या मर्दानगीवर असं घसरावं का? सभ्यतेचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवू. अपमान केल्याने गाडीचा वेग खरंच कमी होतो का, एवढंच बघू.

शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने ही वाट आधीच धरली होती. दारू पिऊन गाडी चालवलीत तर तुम्ही 'ब्लडी इडियट' आहात, असं तिथल्या सरकारी अपघात आयोगाने १९८९ पासून टीव्हीवर बजावायला सुरुवात केली. त्या वर्षी राज्यात रस्त्यांवर ७७६ माणसं मेली होती, १९९० मध्ये ५४८. हा शिवीचा प्रताप म्हणायचा मोह होतो. पण त्याच सुमारास पोलिसांच्या श्वासतपासणीच्या मोठ्या बस रस्त्यावर उतरल्या, वेग टिपणारे कॅमेरे लागले, शिवाय मंदीही आली. यातलं किती श्रेय जाहिरातीचं, यावर संशोधक पुढे बरीच वर्षं भांडले. माझ्या मते शिवीला धार आली ती पुढच्या वळणावर उभ्या असलेल्या बसमुळे.

नुसत्या शब्दांचं काय होतं? जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: माणसाला आपलं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं, की तो ते परत मिळवायला धडपडतो. 'झाडावर चढू नको' म्हटलं की पोर आधी झाडच गाठतं, हे आपल्या आज्यांना ब्रेमच्या आधीपासून ठाऊक होतं म्हणा. लाज वाटायला लावणाऱ्या संदेशांचं तर आणखी विचित्र. दारूविरोधी जाहिरातींवर निधी अग्रवाल आणि अ‍ॅडम डुहाचेक यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की आधीच ओशाळलेल्या माणसाला लाजेचा आणखी एक डोस दिला तर तो संदेशच झटकून टाकतो. 'हे माझ्याबद्दल नाहीच' म्हणतो आणि पिण्याचा बेत उलट पक्का होतो.

मग करंगळीच्या जाहिरातीत काही तथ्य होतं का? होतं, कारण त्यात बोट मंत्र्याचं नव्हतं, ते रस्त्यावरच्या बाईचं आणि गाडीत मागे बसलेल्या मित्रांचं होतं. तरुण चालकाच्या डोक्यात सरकार नसतंच, दोस्त असतात. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी हे एका व्हिडिओ गेमवर तपासलं, २००५ साली. पडद्यावर गाडी धावते, सिग्नल पिवळा होतो. जितकं पुढे जाल तितके गुण जास्त, पण अचानक समोर भिंत आली की कमावलेलं सगळं गेलं. एकटी असताना १३ ते १६ वयाची मुलं बऱ्यापैकी जपून खेळली. शेजारी दोन मित्र बसवले, तर त्यांनी घेतलेली जोखीम जवळपास दुप्पट झाली. चोवीस वर्षांपुढच्यांना मित्र असले काय, नसले काय, फरक पडला नाही.

म्हणजे शिवीपेक्षा शिवी देणारा महत्त्वाचा. टपरीवर मित्र 'येड्या, चावी दे इकडे' म्हणतो तेव्हा तो अपमान नसतो, माया असते. तेच वाक्य सरकारी बोधचिन्हाखाली छापलं की चीड येते. आणि सिडनीत करंगळी बघून एका चालकाने त्या बाईच्या गाडीवर बाटली फेकल्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं, हेही विसरायला नको. अनोळखी माणसाच्या हातात अपमानाचं हत्यार दिलं, की भांडण रस्त्यावरच होणार. शिवाय 'दारू पिऊन चालवलीत तर' या वाक्यातला 'तर' तुम्हाला सुटायला जागा देतो. पिऊ नका, इडियट ठरणार नाही. 'आजकालची पोरं बेअक्कल' म्हटलं तर विशीतल्या पोराने काय करायचं, वय बदलायचं?

न्यूझीलंडनेही १९९० च्या दशकात 'ब्लडी इडियट' उसनं घेतलं होतं. २०११ मध्ये मात्र त्यांनी वेगळीच जाहिरात काढली. पार्टीत एक पोरगा बघतो, दोस्त प्यायलाय आणि गाडी घेऊन निघालाय. बोलायचं तर बावळट ठरायची भीती. मग त्याला कल्पनेत दिसतं, की दोस्त मेलाय, भूत होऊन समोर बसलाय आणि चिप्स पुढे करतोय. पण भुताच्या हातातले चिप्स घेणार कसे? शेवटी धीर करून तो दोस्ताला म्हणतो, आज इथेच थांब. दोस्त थांबतो.