शिदोरी विसरली की घर सापडेना? कर्नल अपडेटनंतरचे दोन काळे पडदे

उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला, मशीन रीस्टार्ट केलं आणि समोर काळा पडदा. त्यावर 'रूट', म्हणजे सिस्टिम जिथे राहते ते डिस्कचं विभाजन, सापडत नसल्याची कुरकुर. बरेच जण इथेच हाय खातात आणि पेनड्राइव्ह शोधून सगळं नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. त्याआधी कीबोर्डवर दोन अक्षरं मारून बघा.

काहीच उमटत नसेल आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' व 'अननोन-ब्लॉक(0,0)' दिसत असेल, तर बहुतेक वेळा कर्नल शिदोरीविना घराबाहेर पडलाय. ही शिदोरी म्हणजे इनिटरॅमएफएस: डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर आणि काही छोटी हत्यारं असलेली फाइल. ग्रब, म्हणजे मशीन चालू होताना कर्नलला उठवणारा प्रोग्रॅम, ती कर्नलच्या हाती देतो. रूट विभाजनाचा पत्ता यूयूआयडीच्या (एकमेव ओळख-क्रमांकाच्या) रूपात दिलेला असतो आणि फाइलसिस्टिमचा (विभाजनावरच्या फाइलींच्या मांडणीचा) यूयूआयडी एकट्या कर्नलला वाचता येत नाही. ते काम या फाइलमधल्या स्क्रिप्ट करतात. फाइलच नसेल तर पत्ता हातात असून उपयोग शून्य.

ती नसते का? बहुधा बूट विभाजन (कर्नल आणि ही फाइल ठेवायची जागा) भरलेलं असतं. एन्क्रिप्शन घेऊन इन्स्टॉल केलं असेल तर ते वेगळं आणि छोटं असतं; जुने कर्नल साचत जातात आणि नवी फाइल अर्धवट राहते. अपडेटच्या वेळी 'नो स्पेस लेफ्ट' आलेलंही असतं, पण ते वाचतो कोण! चालू होताना शिफ्ट (जुन्या बायोसऐवजी नवं यूईएफआय फर्मवेअर असेल तर एस्केप) दाबून ग्रबचा मेनू आणा, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल निवडा. मशीन उठलं की ॲप्टच्या (पॅकेज सांभाळणाऱ्या आज्ञेच्या) ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढून जागा करा, नव्या कर्नलसाठी इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा आणि शेवटी अपडेट-ग्रब चालवा. हे शेवटचं विसरलात तर फाइल असूनही ग्रबच्या नोंदीत ती येणार नाही.

अक्षरं उमटत असतील आणि कंसात 'इनिटरॅमएफएस' असा प्रॉम्प्ट असेल, तर शिदोरी मिळालीय, घर सापडत नाहीये किंवा दार अडकलंय. वरच्या ओळी वाचा. 'एफएससीके (fsck, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) हाताने चालवा' असं सांगितलं असेल तर दोष फाइलसिस्टिममध्ये आहे आणि कर्नल अपडेटवर उगाच आळ आलाय. रीस्टार्ट केलं म्हणून तो फक्त उघडकीस आला. सांगितलेल्या विभाजनावर एफएससीके चालवा, मग एक्झिट. डिस्कच मरणपंथाला लागल्याची शंका असेल तर मात्र आधी लाइव्ह यूएसबीवरून डेटा काढून घ्या, दुरुस्ती नंतर.

'यूयूआयडी अस्तित्वात नाही' असं म्हणत असेल तर बीएलकेआयडी (blkid, डिस्क आणि त्यांचे यूयूआयडी दाखवणारी आज्ञा) चालवून डिस्क दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर जुन्या कर्नलने प्रयत्न करा. त्यात दिसली, तर नव्या शिदोरीत डिस्कचा ड्रायव्हर राहून गेलाय. त्यातही नाही दिसली, तर स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि केबल तपासा.