राजा वॉर्सात, मिस्सा ड्रेस्डेनमध्ये

१ फेब्रुवारी १७३३ रोजी वॉर्सात ऑगस्टस वारला. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला जर्मन राज्यकर्ता, आणि पोलंडचा राजा. घोड्याचा नाल नुसत्या हाताने मोडायचा अशी त्याची ख्याती, म्हणून लोक त्याला ‘बलदंड’ म्हणत. त्याच्या देहाची विभागणी झाली. आतडी वॉर्सातल्या कॅपुचिन चर्चमध्ये राहिली, हृदय ड्रेस्डेनला पाठवलं गेलं आणि देह क्राकूवच्या वावेल कॅथेड्रलमध्ये पुरला गेला, तोही जवळजवळ वर्षभराने, जानेवारी १७३४ मध्ये. त्याच सोहळ्यात त्याच्या आधीचा राजा यान सोबिएस्की यालाही मूठमाती मिळाली. तो १६९६ पासून ताटकळत होता.

ड्रेस्डेन ही ऑगस्टसची खरी राजधानी, पण तिथे पार्थिव आलंच नाही. तरीही एप्रिल १७३३ मध्ये ड्रेस्डेनने आपल्या राजाला पूर्ण इतमामाने निरोप दिला. अशा विधीसाठी चर्चच्या मधोमध लाकडी मखर उभारत. लॅटिनमध्ये त्याला ‘कास्त्रुम दोलोरिस’, म्हणजे दुःखाचा किल्ला, म्हणतात. त्यावर मुकुट, राजचिन्हं, मेणबत्त्यांच्या ओळी. आत देह असो वा नसो, सगळा विधी त्या मखराभोवती चालायचा. या निरोपासाठी दरबारातल्या यान दिस्मास झेलेंकाने दोन मोठ्या रचना केल्या: रात्रप्रार्थनेची ‘ओफिशियुम देफुन्क्तोरुम’ आणि डी मेजर या स्वरपट्टीतली रेक्वियम मिस्सा, म्हणजे मृतासाठीची कॅथलिक उपासना. पुढे दोन्ही दीर्घकाळ विस्मरणात गेल्या.

मुळात ड्रेस्डेनमध्ये कॅथलिक मिस्सा होणं हीच नाजूक बाब होती. सॅक्सनी म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक ल्यूथर याची भूमी. पोलंडचं सिंहासन मिळावं म्हणून ऑगस्टस १६९७ मध्ये कॅथलिक झाला, प्रजा मात्र ल्यूथरन राहिली. त्याची पत्नी क्रिस्टियाने एबरहार्डिने हिनेही धर्म सोडला नाही. ती नवऱ्यापासून दूर राहिली आणि १७२७ मध्ये वारली. लाइपत्सिकला तिच्या शोकसभेसाठी संगीत लिहिलं ते बाखने. एकाच राजघराण्यातल्या नवरा-बायकोचे दोन शोक, दोन पंथांचे आणि दोन तोलामोलाच्या संगीतकारांचे. हे डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय झेलेंकाच्या मिस्सेतला राजस थाट नीट उमगत नाही, असं मला वाटतं. कॅथलिक दरबार ल्यूथरन शहराला आपली श्रद्धा ऐकवत होता.

ऐकवत होता कुठून, तर एका जुन्या नाट्यगृहातून. राजवाड्याशेजारचं टाशेनबेर्गवरचं ऑपेरागृह १७०८ मध्ये दरबारी चर्च करून टाकलं होतं. जिथे सतराव्या शतकात ऑपेरे रंगले, तिथे वेदी उभी राहिली. व्यवस्था जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांकडे होती. ते रोजनिशी ठेवत आणि कोणत्या दिवशी कोणता विधी झाला, हे त्यात लिहीत. आजच्या अभ्यासकांना ही रोजनिशी मोलाची वाटते ती याचमुळे.

झेलेंका मूळचा बोहेमियातल्या लोउन्योविचे गावचा, जन्म १६७९ चा. ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदात तो व्हायोलोने, म्हणजे खर्जातलं मोठं तंतुवाद्य, वाजवायचा. कापेलमाइस्टर, म्हणजे दरबाराचा संगीतप्रमुख, हाइनिखेन १७२९ मध्ये गेला. त्याच्या आजारपणापासूनच चर्चसंगीताचा भार झेलेंकाच्या खांद्यावर होता. काम त्याने ओढलं, पद मात्र ऑपेरासम्राट हासेला मिळालं. १७३३ मध्ये झेलेंकाने ऑगस्टसच्या मुलाकडे, नव्या इलेक्टरकडे अर्ज केला, तोही फळला नाही. पुढे ‘चर्च संगीतकार’ ही पदवी तेवढी पदरात पडली. दरबारी शोकामुळे सॅक्सनीत संगीत थांबलेल्या त्याच महिन्यांत बाखनेही नव्या इलेक्टरसाठी एक मिस्सा लिहिली आणि जुलैमध्ये त्याला अर्पण केली. बी मायनर मिस्सेची ती सुरुवात.

वसईच्या किंवा गोव्याच्या जुन्या कॅथलिक घरांतल्या वडीलधाऱ्यांना रेक्वियमचे शब्द परके वाटणार नाहीत. मृतासाठीची मिस्सा तिथेही १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच व्हायची आणि ‘रेक्वियम एतेर्नाम’ या शब्दांनीच सुरू व्हायची: यांना चिरविश्रांती दे, यांच्यावर चिरप्रकाश पडो. झेलेंकाने त्यातला प्रकाश धरला. डी मेजर हा तुताऱ्या-नगाऱ्यांचा, राजदरबाराचा स्वर. शोकाचा म्हणून कुणी तो सहसा निवडणार नाही. त्यात तो शालुमो वापरतो. क्लॅरिनेटचं हे पूर्वरूप, एका पातीचं छोटं लाकडी वाद्य. आवाज मऊ, किंचित घोगरा, माणसाच्या गळ्याजवळचा. तुताऱ्यांच्या लखलखाटानंतर तो ऐकू आला की राजाचं मखर मागे सरतं आणि एक मेलेला माणूस समोर येतो.

झेलेंका १७४५ मध्ये गेला. त्याची हस्तलिखितं दरबाराने विकत घेतली आणि जपली, इतकी की ती बाहेर पडेनात. होली वीकसाठीची त्याची रचना छापावी, असं संगीतकार टेलेमानच्या मनात होतं. १७५६ मध्ये त्याने लिहून ठेवलंय की ती ड्रेस्डेनच्या दरबारात दुर्मीळ ठेव्यासारखी कुलूपबंद आहे. पुढे १७६० मध्ये प्रशियाच्या तोफांनी शहर भाजलं, फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बनी. झेलेंकाची काही हस्तलिखितं दुसऱ्या महायुद्धानंतर बेपत्ता आहेत. जे उरलं ते आज ड्रेस्डेनच्या सॅक्सन राज्य ग्रंथालयात आहे, आणि बरंचसं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतं. त्याच्या अनेक संहितांच्या शेवटी लॅटिन आद्याक्षरांची एक लांबलचक माळ दिसते. सुरुवात ‘अधिकाधिक देवाच्या गौरवासाठी’ अशी, मग मारियामाता, सगळे संत, आणि शेवटी राजाबद्दलचा आदर. पद नाकारणाऱ्या राजघराण्यासाठीही तो हे लिहीत राहिला.

विसाव्या शतकात आधी त्याच्या ट्रायो सोनाटा पुढे आल्या. ओबोवादक हाइन्झ होलिगर आणि सहकाऱ्यांच्या १९७० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणाने अनेकांना हे नाव पहिल्यांदा कळलं. १९८५ मध्ये वोल्फगांग राइख यांची रचनासूची आली. ‘झेडडब्ल्यूव्ही ४६’ हा या मिस्सेचा क्रमांक तिथलाच. २०११ मध्ये प्रागच्या ‘कोलेगियम १७०४’ने वात्स्लाव लुक्स यांच्या नेतृत्वाखाली रात्रप्रार्थना आणि मिस्सा यांचं ध्वनिमुद्रण जोडीने प्रसिद्ध केलं. जोडीने, हे महत्त्वाचं. मिस्सा एकटी गायली की तिचा थाट कळतो. आधी रात्रप्रार्थनेतले बायबलमधल्या ईयोबाचे विलाप ऐकले की तो थाट कशावर उभा आहे हे कळतं.

आज ही मिस्सा गायची कुठे, हा प्रश्न अवघड आहे. टाशेनबेर्गची इमारत एकोणिसाव्या शतकात पाडली गेली. शेजारचं होफकिर्खे, म्हणजे नवं दरबारी चर्च, १७५१ मध्ये पवित्र झालं, म्हणजे झेलेंकाने ते पुरं झालेलं पाहिलंच नाही. पण त्याच्या बांधणीतच ड्रेस्डेनची कथा कोरलेली आहे: ल्यूथरन शहरात कॅथलिक मिरवणूक रस्त्यावर नेता येत नव्हती, म्हणून वास्तुविशारद कियावेरीने मिरवणुकीची वाट चर्चच्या आतच, मध्यदालनाभोवती फिरवली. १९४५ मध्ये चर्च उद्ध्वस्त झालं, पण कारागीर झिल्बरमानने घडवलेला ऑर्गन उतरवून ठेवलेला असल्याने वाचला. त्याचा स्वर आजच्या मानाने सुमारे अर्धा स्वर खाली आहे, बरोकच्या वाद्यांना सोयीचा.

अशा वास्तूत ही मिस्सा उभी करायची तर नुसत्या सुरांनी भागत नाही. मिस्सेच्या संगीतभागांच्या मधल्या जागा तेव्हा रिकाम्या नव्हत्या. तिथे पुरोहिताचं एकसुरी गायन होतं, प्रार्थना होत्या. मैफलीत ते गाळलं की एकामागून एक धावणारे तुकडे उरतात. दरबारात इटलीहून आलेले कास्त्राती, म्हणजे लहानपणी खच्चीकरण केल्याने उंच आवाज टिकलेले पुरुष गायक, होते. आता त्यांच्या जागी स्त्रिया किंवा काउंटरटेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष, गातात. शिवाय उंच कमानींखाली नाद बराच वेळ रेंगाळतो, तेव्हा फ्यूगची, म्हणजे एकच चाल आवाज एकामागून एक उचलतात त्या रचनेची, लय आवरावी लागते, नाहीतर चारही आवाज एकमेकांत कालवले जातात.

आणि होफकिर्खेच्या फरसबंदीखाली, सॅक्सनीच्या वेटिन राजघराण्याच्या तळघरात, ऑगस्टसच्या हृदयाची कुपी आहे. १७३३ च्या मखरात जो नव्हता, त्याचं हृदय आज गायकांच्या पायांखाली असतं.